वृद्धाश्रमातील ज्येष्ठांची आतडी आणि जंतुसंसर्ग : काळजी घेणाऱ्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

वृद्धाश्रमातल्या ऐंशीच्या घरातील आजींना ताप आला की संसर्ग कुठून आला याचा शोध बहुधा बाहेर घेतला जातो. भेटायला आलेला सर्दी झालेला नातू, टँकरचे पाणी, बदललेली हवा, अशी कारणे पुढे येतात. श्वसनाच्या विषाणूंच्या बाबतीत हा शोध बरोबर ठरतो. परंतु लघवीचा संसर्ग, प्रतिजैविकांनंतरचे जुलाब, शय्याव्रणात झालेला पू किंवा रक्तात शिरलेले जंतू यांच्या बाबतीत मूळ पुष्कळदा त्याच माणसाच्या आतड्यात असते. तो जंतू तिथे आठवडेच्या आठवडे, काही वेळा महिनोन्‌महिने, कोणताही त्रास न देता राहत असतो आणि आसपासच्या जीवाणूंची वस्ती विरळ झाली की त्याला वाढायला व बाहेर पडायला वाव मिळतो. ही वस्ती दाट आणि विविध कशी राखावी, ती नेमकी कशाने विरळ होते आणि जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर कसा जातो, हे रोजची काळजी घेणाऱ्यांना ठाऊक असेल तर संसर्गांचा मोठा भाग टाळता येतो.

शब्दाबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे डॉक्टरांचे छोटे खासगी रुग्णालय. १९४९ च्या महाराष्ट्र कायद्यातही तो शब्द त्याच अर्थाने येतो. परदेशी संशोधनात मात्र या शब्दाने वृद्धांचे कायमस्वरूपी शुश्रूषा-निवास अभिप्रेत असते. या लेखात मी वृद्धाश्रम, अंथरुणाला खिळलेल्यांसाठीची शुश्रूषा केंद्रे आणि घरीच चोवीस तास सेवा घेणारे ज्येष्ठ या सर्वांचा विचार केला आहे. लेख डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही. डॉक्टरांना काय विचारावे आणि त्यांना काय सांगावे, हे कळण्यासाठी तो उपयोगी पडावा.

आतड्यात काय चालते

माणसाच्या शरीरात जितक्या पेशी आहेत साधारण तितकेच जीवाणू त्याच्या शरीरात राहतात आणि त्यांपैकी बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाज्यांतील धागे असे आपल्याला न पचणारे जे काही मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचते, त्यावर ते जगतात आणि त्यापासून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशींना त्यातून ऊर्जा मिळते. हेच जीवाणू पित्तातील आम्लांचे रूप बदलतात आणि त्या बदललेल्या आम्लांमुळे 'क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल' (पुढे नुसते 'डिफिसिल') या जुलाबकारक जीवाणूची वाढ रोखली जाते. शिवाय जागा आणि अन्न आधीच वाटले गेलेले असल्यामुळे नव्या जंतूला पाय रोवणे अवघड जाते. गच्च भरलेल्या एसटीत मधल्या थांब्यावर चढणाऱ्याला जागा मिळू नये, तसेच हे आहे.

ही वस्ती केवळ वयामुळे बिघडत नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण 'वय झाले, आता असेच चालायचे' या समजुतीपायी पुष्कळ उपाय करायचे राहून जातात. आयर्लंडमधील कॉर्क येथील संशोधकांनी १७८ ज्येष्ठांचा अभ्यास करून २०१२ मध्ये 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले, की स्वतःच्या घरी राहणाऱ्यांच्या तुलनेत दीर्घकालीन निवासात राहणाऱ्यांच्या आतड्यातील जीवाणूंची विविधता कमी असते, तिचा आहारातील वैविध्याशी संबंध असतो आणि ती कमी असलेल्यांमध्ये अशक्तपणा व शरीरातील दाह अधिक आढळतो. निवासात आल्यावर आहार आधी बदलतो आणि जीवाणू त्यामागून सावकाश बदलत जातात. त्यामुळे नव्याने दाखल झालेल्या व्यक्तीचे पहिले काही महिने फार मोलाचे असतात.

आतड्यातील जंतू शरीरात इतरत्र पोहोचण्याचे मार्ग ठरावीक आहेत. विष्ठेतील 'ई. कोलाय' हा जीवाणू जननेंद्रियाजवळच्या त्वचेवर येऊन मूत्रमार्गाने मूत्राशयात शिरतो. स्त्रियांमध्ये हे अंतर कमी असल्याने धोका जास्त. ओला डायपर तासन्‌तास राहिला की कंबरेखालच्या व्रणात विष्ठेतील जंतू जातात. आतड्याचे अस्तर दुबळे झाले की काही जंतू थेट रक्तात उतरतात. आणि काळजी घेणाऱ्याच्या हातांवरून ते शेजारच्या खाटेवरील व्यक्तीच्या तोंडापर्यंत जातात. एकाच छताखाली राहणाऱ्या, एकाच मावशींच्या हातून जेवणाऱ्या आणि एकच शौचालय वापरणाऱ्या वीस जणांच्या आतड्यांचा असा एकमेकांशी संबंध असतो. पुढील प्रत्येक पायरीमागे हेच कारण आहे.

पहिली पायरी : दाखल होतानाची नोंद

नवी व्यक्ती आली की आधार कार्डाची प्रत आणि औषधांची यादी घेतली जाते, पण पोटाविषयी कुणी विचारत नाही. एका स्वतंत्र पानावर पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात : गेल्या तीन महिन्यांत कोणती प्रतिजैविके किती दिवस घेतली, रुग्णालयात किंवा अतिदक्षता विभागात राहणे झाले का, पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल अशी आम्लता कमी करणारी गोळी चालू आहे का आणि ती कुणी, कशासाठी सुरू केली, जुलाबाचे औषध किंवा एनेमा लागतो का, लघवीची नळी अथवा नाकातून अन्न देण्याची नळी आहे का, कवळी बसते का, वजन किती.

याच पानावर त्या माणसाचे 'नेहमीचे' काय ते लिहावे. शौचाला दिवसातून किती वेळा किंवा किती दिवसांनी होते आणि विष्ठा कशी असते, हे सात प्रकार दाखवणाऱ्या ब्रिस्टल तक्त्यावरून सांगता येते. हा तक्ता १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला, तो चित्रांचा आहे आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या मदतनीस बाईंनाही पहिल्याच दिवशी समजतो. सलग तीन-चार दिवस सकाळचे तापमान मोजून तेही लिहून ठेवावे. वृद्धांचे नेहमीचे तापमान कमी असू शकते आणि संसर्गातही ते फारसे चढत नाही. म्हणून १०० अंश फॅरनहाइट किंवा स्वतःच्या नेहमीच्या तापमानापेक्षा दोन अंशांची वाढ हा ताप समजावा. नेहमीचे तापमानच ठाऊक नसेल तर ही वाढ कळणार कशी?

दुसरी पायरी : स्वयंपाकघर

बऱ्याच वृद्धाश्रमांत दात नाहीत म्हणून मऊ भात, पातळ वरण, चहात बुडवलेले बिस्कीट आणि पुन्हा मऊ भात असा क्रम महिनोन्‌महिने चालतो. देणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण असा आहार लहान आतड्यातच जवळजवळ संपतो आणि मोठ्या आतड्यातील जीवाणूंपर्यंत फार थोडे पोहोचते. मऊपणा राखूनही वैविध्य आणणे आपल्या स्वयंपाकात अवघड नाही. नाचणीची आंबील, ज्वारीच्या पिठाची उकड, भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, सालीच्या मुगाची खिचडी, कुळथाचे पातळ पिठले, घोटून शिजवलेली पालकाची किंवा चाकवताची ताकातली भाजी, लाल भोपळ्याचे भरीत, पिकलेले केळे, पपई, वाफवलेले सफरचंद, यांतले काही ना काही रोज ताटात आले पाहिजे. आठवड्याचा तक्ता करताना पदार्थ मोजण्यापेक्षा त्या आठवड्यात किती वेगवेगळी धान्ये, डाळी, भाज्या आणि फळे वापरली ते मोजावे. मी स्वतः हा आकडा स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहायला सांगतो, कारण दिसणारा आकडा वाढवावासा वाटतो.

आहार बदलल्याने उतारवयातही जीवाणू बदलतात याला आधार आहे. युरोपातील पाच देशांमधील ६५ ते ७९ वयाच्या ६१२ जणांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भाज्या, फळे, कडधान्ये, मासे आणि ऑलिव्ह तेल अधिक असलेला आहार वर्षभर काटेकोरपणे घेणाऱ्यांमध्ये कमी अशक्तपणाशी निगडित असलेले जीवाणू वाढलेले आढळले. ते लोक तुलनेने सशक्त होते, त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्यांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी दिशा स्पष्ट आहे.

तंतूचे प्रमाण वाढवताना घाई करू नये. एकदम वाढवले तर पोट फुगते, वायू धरतो आणि आजोबा दुसऱ्या दिवशी ताट बाजूला सारतात. दर आठवड्याला एखादा पदार्थ वाढवावा आणि त्याबरोबर पाणीही वाढवावे. इसबगोल कोरडे किंवा घोटभर पाण्याबरोबर कधीही देऊ नये, ते घशात फुगते. गिळायला त्रास असलेल्यांना ते देऊच नये. आतड्याचा अडथळा होऊन गेलेल्यांचा, मूत्रपिंड विकारात फळे व पालेभाज्या मोजून घेणाऱ्यांचा आणि नळीवाटे अन्न घेणाऱ्यांचा आहार डॉक्टरांशी बोलूनच बदलावा.

पाण्याविषयी सांगायचे तर वृद्धांना तहान लागल्याचे कळत नाही आणि पुन्हा शौचालयात जावे लागेल या भीतीने अनेक आजी मुद्दाम पाणी टाळतात. 'पाणी पिता ना?' असे विचारून उपयोग नाही; ठरलेल्या वेळी पेला हातात द्यावा. इंग्लंडमधील काही निवासांत दिवसातून सात वेळा पेयांची फेरी सुरू केल्यावर प्रतिजैविके द्यावी लागणारे लघवीचे संसर्ग स्पष्टपणे कमी झाले. आपल्याकडे पाणी, ताक, पेज, कोकम सरबत, वरणाचे पाणी असे फिरवता येते. हृदयविकार किंवा मूत्रपिंड विकारामुळे पाणी मोजून दिलेल्यांची नावे त्या फेरीच्या ट्रेवरच चिकटवावीत.

दही-ताक आणि प्रोबायोटिकची पाकिटे

दही-ताक किंवा प्रोबायोटिकची, म्हणजे उपयुक्त मानल्या जाणाऱ्या जिवंत जीवाणूंची, पाकिटे दिल्याने संसर्ग टळतात का, हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात, म्हणून तो येथे स्वतंत्रपणे घेतो. आंबवलेल्या दुधाचा आणि दीर्घायुष्याचा संबंध एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जोडला होता आणि ती कल्पना आजही आकर्षक वाटते. परंतु नेमक्या याच वयोगटात झालेल्या मोठ्या चाचण्यांचे निकाल निराश करणारे आहेत. इंग्लंड आणि वेल्समधील रुग्णालयांत ६५ वर्षांवरील सुमारे ३,००० जणांना प्रतिजैविकांबरोबर प्रोबायोटिक किंवा निष्क्रिय पूड देऊन केलेली चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. जुलाबांच्या प्रमाणात फरक पडला नाही. पुढे ब्रिटनमधील २३ निवासांतील ३१० ज्येष्ठांना वर्षभरापर्यंत रोज प्रोबायोटिक दिले गेले, आणि २०२० मध्ये जाहीर झालेल्या निकालानुसार त्यांना प्रतिजैविके लागण्याचे दिवस कमी झाले नाहीत.

म्हणून माझे मत असे, की महागड्या पाकिटांवर होणारा खर्च भाज्या आणि फळांवर करावा. ताजे, झाकून लावलेले, त्याच दिवशी संपवलेले दही किंवा ताक अन्न म्हणून जरूर द्यावे. त्यातून प्रथिने, कॅल्शियम आणि पाणी मिळते. मात्र कर्करोगाचे उपचार चालू असलेले, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणारे किंवा मोठ्या शिरेत नळी असलेले जे ज्येष्ठ आहेत, त्यांना प्रोबायोटिकच्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता देणे धोक्याचे ठरू शकते.

तिसरी पायरी : लघवीचा रिपोर्ट येण्याआधी

संपूर्ण लेखात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी पायरी हीच आहे, कारण वृद्धाश्रमातील अनावश्यक प्रतिजैविकांचा मोठा वाटा लघवीच्या रिपोर्टातून येतो.

चित्र नेहमीचे आहे. आजी सकाळपासून गप्प आहेत, लघवीला वास येतो आहे, मुलाला फोन जातो, प्रयोगशाळेचा माणूस नमुना घेऊन जातो, रिपोर्टात 'पू पेशी' आणि 'ई. कोलाय' येते, आणि संध्याकाळी गोळ्या सुरू होतात. या साखळीत कुणाचाही हेतू वाईट नसतो. पण दीर्घकालीन निवासातील स्त्रियांपैकी सुमारे २५ ते ५० टक्के आणि पुरुषांपैकी १५ ते ४० टक्के जणांच्या लघवीत नळी नसतानाही, कोणताही आजार नसतानाही जीवाणू सापडतात. कायमची नळी असलेल्यांच्या बाबतीत तर ते जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत असतात. ही निव्वळ वसाहत आहे. तिच्यावर प्रतिजैविके दिल्याने या वयात आयुष्य वाढत नाही, पुढचे संसर्ग टळत नाहीत. जुलाब आणि औषधाला न जुमानणारे जंतू मात्र वाढतात. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्येही अशा ज्येष्ठांची लक्षणांवाचून तपासणी व उपचार करू नयेत असेच सांगितले आहे.

मग तपासणी केव्हा करावी? नळी नसलेल्या व्यक्तीला लघवी करताना नव्याने जळजळ किंवा वेदना होत असेल, अथवा ताप असून त्याच्या जोडीला लघवीची नवी घाई, वारंवारता, ओटीपोटात दुखणे, कंबरेच्या वरच्या बाजूला दाबल्यावर कळ, लघवीत रक्त किंवा नव्यानेच लघवी न आवरणे यांपैकी काही असेल, तेव्हा. नळी असलेल्या व्यक्तीला ताप, हुडहुडी, कंबरेत नवी कळ किंवा अचानक आलेला संभ्रम, यांपैकी काहीही पुरेसे आहे. हे निकष २००१ मध्ये तज्ज्ञांनी एकमताने मांडले आणि त्यांवर आधारित पद्धत कॅनडातील ऑन्टारिओ व अमेरिकेतील आयडाहो येथील २४ निवासांत वापरून पाहिली गेली. लघवीच्या संसर्गासाठी दिली जाणारी प्रतिजैविके कमी झाली आणि रुग्णालयात दाखल होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण त्यामुळे वाढल्याचे आढळले नाही.

लघवीचा वास, गढूळपणा किंवा केवळ गप्पपणा ही तपासणीची कारणे नव्हेत. आजी गप्प असतील किंवा असंबद्ध बोलत असतील तर प्रथम पाणी किती पोटात गेले ते पाहावे, शौचाला होऊन किती दिवस झाले ते रोजच्या नोंदींच्या वहीत बघावे, झोपेची किंवा वेदनेची नवी गोळी सुरू झाली आहे का ते तपासावे, साखर मोजावी, पडल्याच्या खुणा पाहाव्यात. मधुमेह असलेल्या एका आजींच्या बाबतीत दोनदा लघवीच्या संसर्गाचे उपचार झाल्यानंतर खरे कारण आठ दिवसांचा मलावरोध असल्याचे आमच्या लक्षात आले. एनेमानंतर दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या बोलू लागल्या. ती वही आम्ही आधी उघडायला हवी होती.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. श्वास जलद चालणे, रक्तदाब उतरणे, हातपाय गार पडणे, न उठवता येण्याइतकी गुंगी, लघवी जवळजवळ बंद होणे, यांपैकी काहीही दिसले तर वर सांगितलेले सर्व निकष बाजूला ठेवून तात्काळ रुग्णालयात न्यावे. थांबून पाहण्याचा सल्ला स्थिर असलेल्या माणसासाठी आहे.

ज्या स्त्रियांना रजोनिवृत्तीनंतर लघवीचे खरे संसर्ग वारंवार होतात, त्यांच्यासाठी योनिमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम हा उपाय डॉक्टरांना अवश्य विचारावा. त्याने तेथील उपयुक्त लॅक्टोबॅसिलस जीवाणू परत येतात आणि विष्ठेतील जंतूंना मूत्रमार्गाकडे सरकणे अवघड होते. संकोचामुळे हा विषय निघत नाही, त्यामुळे तो काळजी घेणाऱ्यांनीच काढावा.

चौथी पायरी : प्रतिजैविक द्यावेच लागले तर

न्यूमोनिया असेल, मूत्रपिंडापर्यंत गेलेला संसर्ग असेल, तर प्रतिजैविक जीव वाचवते आणि ते वेळेवर, पूर्ण मात्रेत दिले पाहिजे. प्रश्न नेमकेपणाचा आहे. डॉक्टरांना आदराने चार गोष्टी विचाराव्यात : हे कोणत्या संसर्गासाठी आहे, शेवटचा डोस कोणत्या तारखेला, कल्चरचा (नमुन्यातील जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट आल्यावर अधिक मर्यादित परिणामाचे औषध देता येईल का, आणि आम्लता कमी करणारी गोळी तोवर थांबवता येईल का. शेवटच्या प्रश्नाचे कारण असे, की जठरातील आम्ल ही आत शिरणाऱ्या जंतूंची पहिली गाळणी आहे आणि ती गोळी वर्षानुवर्षे केवळ सवयीने चालू असल्याचे अनेकदा आढळते. रक्त पातळ करणारी किंवा वेदनाशामक औषधे चालू असलेल्यांना तिची खरी गरज असू शकते, त्यामुळे ती आपल्या मनाने बंद करू नये.

आपल्याकडे औषधांच्या पट्टीवर उभी लाल रेष असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचे नसते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये त्यासाठी जनजागृतीची मोहीम काढली. तरीही वृद्धाश्रमाच्या कपाटात मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या असतात आणि 'मागच्या वेळी यानेच बरे वाटले होते' म्हणून त्या दिल्या जातात. असे उरलेले साठे काढून टाकावेत.

हे एवढे कठोरपणे सांगण्यामागे एक अभ्यास आहे. ऑन्टारिओमधील ६०७ निवासांतील लाखाहून अधिक रहिवाशांची माहिती तपासून २०१५ मध्ये असे दाखवले गेले, की ज्या निवासांत प्रतिजैविकांचा वापर जास्त आहे, तेथे राहणाऱ्यांना डिफिसिलचे जुलाब, प्रतिकारक जंतूंचे संसर्ग अशा प्रतिजैविकांशी निगडित त्रासांचा धोका अधिक असतो, आणि हा धोका ज्यांनी स्वतः एकही गोळी घेतलेली नाही त्यांनाही भोगावा लागतो. खिडकीजवळच्या खाटेवरील आजोबांना दिलेल्या अनावश्यक गोळ्यांची किंमत दाराजवळच्या आजींना चुकवावी लागते, असा याचा अर्थ.

प्रतिजैविक संपल्यानंतरही वहीत त्या व्यक्तीच्या नावापुढे तीन महिने खूण ठेवावी. डिफिसिलचा धोका औषध चालू असताना आणि त्यानंतरच्या महिन्यात सर्वाधिक असतो, पण तो पुढेही काही काळ टिकतो. क्लिंडामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन-लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधे आणि सेफिक्झिम-सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी सेफॅलोस्पोरिन यांच्यानंतर अधिक सावध राहावे.

पाचवी पायरी : जुलाब सुरू झाल्यावर

चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा, नेहमीपेक्षा वेगळी, पातळ विष्ठा झाली तर जुलाब समजावेत. त्याआधी एक खात्री करावी. कठीण मलाचा गोळा गुदाशयात अडकलेला असताना त्याच्या कडेने पाणी झिरपते आणि ते हुबेहूब जुलाबासारखे दिसते. अशा वेळी जुलाब थांबवण्याचे औषध दिले तर मोठे नुकसान होते. कित्येक दिवस शौचाला झाले नसून अचानक थोडे थोडे पाणी लागत असेल, तर परिचारिकेने किंवा डॉक्टरांनी तपासल्याशिवाय काहीही देऊ नये.

खरे जुलाब असतील तर तपासणीचा रिपोर्ट येण्याची वाट न पाहता त्या व्यक्तीला शक्यतो वेगळी खोली, नाही तर वेगळे शौचपात्र आणि कडेची खाट द्यावी. जलसंजीवनीची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाने विरघळवून थोडी थोडी पाजावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ घालावे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर किती द्यावे ते डॉक्टरांना लगेच विचारावे, आणि लघवी वाढवणाऱ्या व रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दलही त्याच फोनवर विचारून घ्यावे. लोपेरामाइडसारखे औषध स्वतःहून देऊ नये. ताप, विष्ठेत रक्त, पोट ताठ होणे किंवा गुंगी असेल तर रुग्णालयात हलवावे.

डिफिसिलची शंका असल्यास पातळ विष्ठेचाच नमुना तपासायला द्यावा. घट्ट विष्ठेची तपासणी करण्यात अर्थ नाही आणि बरे वाटल्यावर 'जंतू गेला का' हे पाहण्यासाठी पुन्हा तपासणीही करू नये, कारण जंतू काही काळ निरुपद्रवीपणे राहू शकतो. उपचारासाठी तोंडावाटे द्यायचे व्हॅन्कोमायसिन किंवा फिडॅक्सोमायसिन वापरले जाते. आजार वारंवार उलटत असेल तर निरोगी दात्याच्या विष्ठेतील जीवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपचार उपलब्ध आहे. नेदरलँड्समधील २०१३ च्या चाचणीत या उपचाराने १६ पैकी १३ रुग्ण एकदाच देऊन बरे झाले, तर आणखी दोघे दुसऱ्यांदा दिल्यावर. हरवलेली वस्ती परत वसवली की जंतू हटतो, याचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो.

डिफिसिलचे बीजाणू, म्हणजे त्याची कठीण कवचातली सुप्त रूपे, अल्कोहोलयुक्त हॅन्ड रबने मरत नाहीत. जुलाबाच्या रुग्णाला हात लावल्यानंतर साबण आणि वाहत्या पाण्यानेच हात धुवावेत. बीजाणू घासून आणि वाहून जातात. फरशी, खाटेचे कठडे, कमोड आणि नळाची मूठ प्रथम साबणाच्या पाण्याने स्वच्छ करून मग ०.५ टक्के क्लोरीनच्या द्रावणाने पुसून दहा मिनिटे ओले ठेवावे. ताज्या ब्लीचिंग पावडरचे साधारण १५ ग्रॅम एक लिटर पाण्यात मिसळले की हे द्रावण होते. ते रोज नवे करावे, खिडक्या उघड्या ठेवून वापरावे, आणि शौचालय साफ करण्याच्या अ‍ॅसिडमध्ये ते कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

सहावी पायरी : हात, डायपर आणि तोंड

डायपर बदलण्याचे आणि जेवण भरवण्याचे काम एकाच पाळीत एकाच मावशींकडे देऊ नये. मनुष्यबळ कमी असल्यामुळे हे जमत नाही असे अनेक चालक सांगतात आणि त्यांची अडचण खरी आहे. अशा ठिकाणी निदान डायपरची फेरी जेवणाच्या तासभर आधी संपवावी, गाऊन बदलावा आणि हात कोपरापर्यंत धुवावेत. पुसताना नेहमी पुढून मागे पुसावे, प्रत्येक वेळी कापडाची स्वच्छ बाजू घ्यावी, एकाचे कापड दुसऱ्याला वापरू नये. हातमोजे प्रत्येक व्यक्तीनंतर काढून टाकावेत. तेच मोजे घालून सहा जणांचे डायपर बदलल्याने मावशींचे हात स्वच्छ राहतात आणि सहा जणांचे जंतू एकत्र होतात. त्वचा कोरडी करून मगच नवा डायपर बांधावा. अमेरिकेतील कनेक्टिकट येथे ज्येष्ठांच्या त्वचा, तोंड आणि आतडे या तिन्ही ठिकाणच्या जीवाणूंचा अभ्यास झाला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार अशक्त ज्येष्ठांमध्ये संसर्गकारक जंतूंचा साठा त्वचेवरही लक्षणीय असतो. तेव्हा आतड्याची काळजी त्वचेपाशी थांबत नाही.

लघवीची नळी असेल तर ती कशासाठी आहे हा प्रश्न दर आठवड्याला विचारावा. केवळ डायपरचे काम वाचावे म्हणून ठेवलेली नळी काढण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. पिशवी सदैव मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकणारी असावी.

पचनमार्ग तोंडापासून सुरू होतो आणि नेमके तेच विसरले जाते. झोपेत तोंडातील जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. जपानमधील ११ निवासांत दोन वर्षे चाललेल्या अभ्यासात प्रत्येक जेवणानंतर तोंड स्वच्छ केलेल्यांपैकी ११ टक्के, तर इतरांपैकी १९ टक्के ज्येष्ठांना न्यूमोनिया झाला. दात नसले तरी हिरड्या आणि जीभ मऊ ब्रशने पुसावी, कवळी रात्री काढून धुऊन ठेवावी, आणि भरवताना व त्यानंतर अर्धा तास पाठ उंच ठेवावी. इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोकॉकसच्या लसी दिल्या तर प्रतिजैविकांची वेळच कमी येते.

सातवी पायरी : रुग्णालयातून परत आल्यावर

रुग्णालयातून आलेल्या व्यक्तीच्या आतड्यात प्रतिकारक जंतू असण्याची शक्यता आपल्या देशात बरीच आहे; कार्बापेनेमसारख्या शेवटच्या फळीतील औषधांनाही न जुमानणारे जंतू भारतीय रुग्णालयांत नवे राहिलेले नाहीत. पण तेवढ्यावरून त्या व्यक्तीला परत घ्यायला नकार देणे किंवा महिनोन्‌महिने खोलीत कोंडणे हे अमानुष तर आहेच, निरर्थकही आहे. तपासणी न झालेले वाहक आधीच इतर खाटांवर असतात. आतड्यातील अशी वसाहत प्रतिजैविकाने 'साफ' करण्याचा प्रयत्न करू नये, त्याने उरलेले उपयुक्त जीवाणूच मरतात. सर्वांसाठी हात धुण्याचे नियम कडक ठेवावेत, जुलाब किंवा वाहता व्रण असेल तेवढे दिवस वेगळी व्यवस्था करावी, आणि एरवी त्यांना भजनाला, अंगणात, पंगतीला सर्वांबरोबर बसू द्यावे.

परतलेल्या प्रत्येकाचे पहिले पान नव्याने लिहावे. रुग्णालयात कोणती प्रतिजैविके किती दिवस दिली हे डिस्चार्ज कार्डावरून उतरवून घ्यावे, तेथे सुरू झालेली आम्लतेची गोळी कधी बंद करायची ते विचारून तारीख टाकावी, नळी असेल तर ती काढण्याचा दिवस ठरवावा, आणि पुढचे दोन आठवडे विष्ठेचा प्रकार रोज, दोन्ही पाळ्यांत लिहावा. पुन्हा पाठवण्याची वेळ आली तर याच पानाची प्रत रुग्णवाहिकेत बरोबर द्यावी. रात्रपाळीच्या डॉक्टरांना त्या माणसाचे नेहमीचे तापमान, नेहमीचे बोलणे आणि गेल्या तीन महिन्यांतील प्रतिजैविके यांची माहिती दुसरीकडून मिळणार नसते.